ड्रोन पडू द्या, पण पडद्यावर

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेरात, छोटी विमानं उडवणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबचं एक मैदान आहे. तिथून रोज किती ड्रोन उडतात याची मोजदाद कुणी ठेवत नाही, आणि ठेवणं शक्यही नाही; कारण त्यातले बहुतेक संगणकाच्या आतच उडतात. ‘आर्डूपायलट’ हे ड्रोन चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर लॅपटॉपवर सिम्युलेटरमध्ये सुरू केलं आणि उड्डाणाची जागा वेगळी सांगितली नाही, तर पडद्यावरचा ड्रोन याच मैदानावर उभा राहतो. नागपूरच्या वसतिगृहात बसलेल्या मुलीचा पहिला ड्रोन कॅनबेरात उडतो आणि, बहुतेकांचा पडतो तसा, कॅनबेरातच पडतो. आर्डूपायलटच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक, अँड्र्यू ट्रिजेल, हे कॅनबेराचेच; त्यामुळे मैदानाची निवड समजण्यासारखी आहे. याच क्षेत्रातला दुसरा मोठा प्रकल्प, ‘पीएक्स-फोर’, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात जन्मला. त्याचे ड्रोन, जागा सांगितली नाही, तर झुरिकमधून उडतात.

पडद्यावर ड्रोन उडवणारं हे सॉफ्टवेअर खऱ्या सॉफ्टवेअरची नक्कल नसतं. ड्रोनमधल्या तळहाताएवढ्या बोर्डवर जो प्रोग्रॅम चालतो, तोच लॅपटॉपसाठी कंपाइल केलेला असतो. खऱ्या ड्रोनमध्ये तो सेकंदाला ४०० वेळा सेन्सरांची विचारपूस करतो, आपण किती कललो याचा हिशेब मांडतो आणि मोटरांना हुकूम सोडतो. सिम्युलेटरमध्ये प्रश्न तेच, हिशेब तोच, हुकूमही तेच. बदलतो तो फक्त उत्तर देणारा. जायरोस्कोपऐवजी तिथं भौतिकशास्त्राची समीकरणं बसलेली असतात: मोटरांना एवढा हुकूम गेला, म्हणजे एवढा जोर निर्माण झाला, वारा या दिशेनं होता, तर पुढच्या क्षणी ड्रोन अमुक अंशांनी कललेला असेल. ड्रोन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, म्हणजे ऑटोपायलटला, यातला फरक कळत नाही. अभियंते या पद्धतीला ‘सॉफ्टवेअर इन द लूप’ म्हणतात. बोर्डही खरा जोडला आणि जग तेवढं खोटं ठेवलं, की ती ‘हार्डवेअर इन द लूप’ होते.

सॉफ्टवेअर आणि भौतिक जग असं एकाच फेऱ्यात गुंतलेलं असतं, तेव्हा त्या यंत्रणेला ‘सायबर-फिजिकल सिस्टिम’ म्हणतात. नाव जड आहे, पण वस्तू ओळखीच्या आहेत. मोटारीतले एबीएस ब्रेक, इन्सुलिन पंप, चालकाविना धावणारी मेट्रो, वीजपुरवठ्याचं जाळं, उपग्रह. बँकेच्या संगणकानं चुकीची नोंद केली, तर ती उलटी नोंद करून दुरुस्त होते. ब्रेक चुकीच्या क्षणी सुटला, तर उलटी नोंद नसते. शिवाय इथं अचूक उत्तर उशिरा आलं, तरी ते चुकीचंच उत्तर असतं.

मग अशा यंत्रणा खऱ्या रस्त्यावर, खऱ्या आकाशात हव्या तेवढ्या तपासून का घेऊ नयेत? अमेरिकेतल्या रँड या संशोधनसंस्थेनं २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला. तिथं माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या दर १० कोटी मैलांमागे सुमारे १.०९ मृत्यू होतात. स्वयंचलित गाडी निदान इतकी तरी सुरक्षित आहे, असं ९५ टक्के खात्रीनं म्हणायचं, तर तिनं एकही प्राणघातक अपघात न करता २७.५ कोटी मैल धावायला हवं. शंभर गाड्या, अहोरात्र, वर्षभर, ताशी २५ मैलांच्या वेगानं: साडेबारा वर्षं लागतील. आणि मधेच कुणी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली, तर जुन्या मैलांची किंमत किती धरायची हा प्रश्न उरतोच.

सिम्युलेटर हे त्यावरचं उघड उत्तर वाटतं. पण ‘संगणकात कोट्यवधी मैल पळवा’ हे उत्तर दिसतं तितकं हुशारीचं नाही. एका ड्रोनच्या उड्डाणावर परिणाम करणारे दहाच घटक घेऊ: वाऱ्याचा वेग, त्याची दिशा, बॅटरीचा दाब, जीपीएसची चूक, होकायंत्राची चूक, वजन, तापमान, अडथळ्याची जागा, त्याची उंची, आणि एका मोटरची झीज. प्रत्येकाची फक्त पाच मूल्यं तपासायची ठरवली, तरी ९७ लाख ६५ हजार ६२५ उड्डाणं होतात. एकेक उड्डाण दोन मिनिटांचं धरलं, तर एका संगणकाला ३७ वर्षं. रस्त्यावरून उठून आपण खुर्चीत बसलो एवढंच. वर्षं काही कमी झाली नाहीत.

म्हणून या विषयातलं खरं कसब जास्त चाचण्या करण्यात नाही. कोणती चाचणी करायची, ते शोधण्यात आहे.

पहिली युक्ती आकडेमोडीची आहे. अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेतले, म्हणजे निस्टमधले, रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय उपकरणांपासून ब्राउझरपर्यंतच्या सॉफ्टवेअरमधले नोंदवलेले दोष तपासले. बहुतेक दोष एका किंवा दोन घटकांच्या संगनमतानं उघडे पडत होते. सहापेक्षा जास्त घटक एकत्र यावे लागले, असा दोष त्यांना आढळला नाही. त्यामुळे सगळी मिश्रणं न तपासता, कोणत्याही दोन घटकांच्या मूल्यांची प्रत्येक जोडी निदान एकदा यावी, एवढाच आग्रह धरला तरी बरंच साधतं. वरच्या उदाहरणात त्यासाठी पन्नासपेक्षा कमी उड्डाणं पुरतात. अशी यादी काढून देणारं मायक्रोसॉफ्टचं ‘पिक्ट’ हे छोटं साधन ओपन सोर्स आहे.

पण भौतिक जग पाच मूल्यांत मावत नाही. सेकंदाला पाच मीटरचा वारा चालला, दहाचा चालला, आणि नेमका सातच्या आसपासचा झोत ड्रोनला डोलायला लावतो, असं होऊ शकतं. इथं दुसरी युक्ती येते. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली ती सर्वांत देखणी कल्पना आहे.

‘ड्रोन भिंतीच्या दोन मीटरपेक्षा जवळ कधीही येता कामा नये’ अशी आपली अट आहे, असं समजा. पहिल्या उड्डाणात तो भिंतीपासून जास्तीत जास्त जवळ आला तो नऊ मीटरवर. दुसऱ्यात २.४ मीटरवर. नेहमीची चाचणी दोन्हींना ‘पास’ म्हणून सोडून देते आणि त्यातली सगळ्यांत मोलाची माहिती फेकून देते. पहिल्या उड्डाणात सात मीटरांची शिल्लक होती, दुसऱ्यात जेमतेम चाळीस सेंटिमीटरची. ही शिल्लक मोजली, की आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेल्या गड्याला आवाजावरून दिशा कळावी, तशी संगणकाला अपयशाची दिशा कळू लागते. दुसऱ्या उड्डाणात वारा डावीकडून होता? मग आणखी थोडा डावीकडून वाहू दे. शिल्लक ३० सेंटिमीटर झाली? त्याच वाटेनं पुढे. काही वेळानं शिल्लक शून्याखाली जाते आणि पडद्यावरचा ड्रोन दोन मीटरांच्या आत घुसतो. लाखो आंधळ्या फेऱ्यांऐवजी काही शे चालतात, क्वचित काही डझनही.

अंतराची अट सोपी आहे. ‘अडथळा दिसल्यापासून एका सेकंदात वेग निम्मा व्हावा आणि पुढची पाच सेकंदं तो वाढू नये’ अशी वेळेत गुंफलेली अट कशी मोजायची? त्यासाठी ओडेड मालर आणि देयान निचकोविच यांनी २००४ मध्ये ‘सिग्नल टेम्पोरल लॉजिक’ नावाची एक तर्कभाषा मांडली. अशा भाषेतली अट आणि उड्डाणाची नोंद दिली, की शिल्लक किती उरली याचा एकच आकडा काढता येतो. तो आकडा खाली खेचायचं काम मग शोधपद्धतींकडे जातं. त्या जुन्याच आहेत, जनुकीय अल्गोरिदम वगैरे. या शोधाला अभियंते ‘फॉल्सिफिकेशन’ म्हणतात: यंत्रणा बरोबर आहे हे सिद्ध करण्याच्या भानगडीत न पडता ती चुकते ते ठिकाण हुडकायचं.

इथं एक विनोद आहे. या कामाची गाजलेली दोन साधनं, ‘ब्रीच’ आणि ‘एस-टालिरो’, खुली आहेत. पण ती ज्या मॅटलॅबवर चालतात त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. घर फुकट, पण जमीन भाड्याची. अलीकडे पायथनमध्ये लिहिलेली ‘साय-टालिरो’ आणि ‘आरटीएएमटी’ अशी साधनं आली, तेव्हा कुठे सगळी साखळी खुली झाली. २०२४ मध्ये लिस्बनला झालेल्या एका संशोधन कार्यशाळेत तर ड्रोन पाडण्याची स्पर्धाच लागली. पीएक्स-फोरच्या वाटेत सिम्युलेटरमधले ठोकळे कसे मांडले म्हणजे अडथळे टाळणारा ड्रोन गोंधळतो, हे स्पर्धकांच्या प्रोग्रॅमनी आपापलं शोधायचं होतं.

वेळ वाचवण्याचे बाकीचे मार्ग साधे आहेत. पडद्यावरचं घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा वेगानं पळवता येतं. आधी ढोबळ समीकरणांवर शोध घ्यायचा आणि संशयास्पद सापडलेल्या मोजक्या उड्डाणांनाच ‘गझीबो’सारख्या तपशीलवार सिम्युलेटरमध्ये न्यायचं, हाही व्यवहारी मार्ग. गझीबोचा जन्म २००२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला. आज यंत्रमानवांच्या जगात तो सर्वत्र दिसतो. गाड्यांसाठी २०१७ मध्ये आलेला ‘कार्ला’ आहे. त्यात रस्ते, सावल्या, पाऊस, पादचारी सगळं दिसतं आणि म्हणून तो दणकट ग्राफिक्स कार्ड मागतो. शहरभराची वाहतूक पाहायची असेल, तर जर्मन अंतराळसंस्थेनं घडवलेला ‘सुमो’ पुरतो. त्याला चित्रं नकोत, गाड्या कुठे आहेत एवढंच हवं. प्रत्येक सिम्युलेटर काहीतरी गाळतो. काय गाळलं आहे, ते माहीत असलं म्हणजे झालं.

एक अडचण मात्र नवख्यांना हमखास छळते. तेच उड्डाण, तोच वारा, तीच सुरुवात. तरी सकाळी ड्रोन पास आणि संध्याकाळी नापास. सिम्युलेटर आणि ऑटोपायलट हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात, आणि संगणकावर दुसरं काही जड काम चालू असेल, तर एक जण दुसऱ्याच्या मागे पडतो. पीएक्स-फोरनं यावर दोघांना पावलाला पाऊल बांधून टाकलं. एकाचं पाऊल पडल्याशिवाय दुसरा पुढे सरकत नाही. हे नसेल, तर सापडलेलं अपयश ड्रोनचं की लॅपटॉपचं, याचा वाद संपत नाही.

वेळेच्या अशा घोळाचं सर्वांत नाट्यमय उदाहरण मंगळावरचं आहे. नासाच्या ‘इंजेन्युइटी’ या इवल्या हेलिकॉप्टरनं २२ मे २०२१ रोजी सहावं उड्डाण केलं. ते खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रांवरून, सेकंदाला ३० चित्रं, आपली जागा ताडून पाहत असे. उड्डाणाला साधारण ५४ सेकंद झाल्यावर एक चित्र हरवलं. फक्त एक. पण त्यामुळे पुढच्या प्रत्येक चित्रावर चुकीच्या वेळेचा शिक्का बसू लागला. हेलिकॉप्टर प्रत्येक चित्र ‘आत्ताचं’ समजून चूक दुरुस्त करू पाहत होतं, आणि चित्र होतं वेगळ्याच क्षणाचं. ते डोलू लागलं, वीस अंशांहून अधिक कलंडलं. तरी ते ठरल्या जागेच्या पाच मीटरच्या आत सुखरूप उतरलं, त्याला दोन कारणं होती. आराखड्यात स्थैर्याची ऐसपैस शिल्लक ठेवली होती, आणि उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेऱ्याची चित्रं वापरायचीच नाहीत असं आधीच ठरलं होतं. इंजेन्युइटीच्या सॉफ्टवेअरचा सांगाडा, ‘एफ प्राइम’, हाही ओपन सोर्स आहे. ‘मधलं एक चित्र गायब करून बघू’ ही चाचणी लिहायला फारसं काही लागत नाही. ती सुचावी लागते.

सुचणं हीच या विद्येची मर्यादा. सिम्युलेटर आपण सांगितलेल्या जगाबद्दलच बोलतो. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून ‘एरियन ५’ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि ४० सेकंदांच्या आत फुटलं. दिशा सांगणाऱ्या उपकरणात ‘एरियन ४’चं जुनं सॉफ्टवेअर होतं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. राखीव उपकरण बंद पडलं, आणि क्षणार्धात मुख्यही, कारण दोघांत सॉफ्टवेअर एकच होतं. बंद पडताना उपकरणानं पाठवलेली दोषाची नोंद मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि इंजिनांची नळकांडी पूर्ण वळवली. ज्या हिशेबात ही संख्या येत होती, तो उड्डाणानंतर लागतच नव्हता. तो जुन्या सवयीनं चालू राहिला होता.

चौकशी समितीचा अहवाल वाचताना यापेक्षाही एक गोष्ट टोचते. उड्डाणाआधी पूर्ण रॉकेटची सिम्युलेशनं झाली होती. पण त्यात हे उपकरण प्रत्यक्ष जोडलेलंच नव्हतं. ते आधीच पारखलेलं आहे असं मानून त्याच्या जागी त्याचं सोंग घेणारा प्रोग्रॅम बसवला होता, आणि सोंगाला १६ बिटांची अडचण नव्हती. अपघातानंतर खऱ्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घालून सिम्युलेशन केलं, तेव्हा घटनांची साखळी जशीच्या तशी उलगडली.

युरोपच्याच ‘स्कियापारेली’ यानाची कथा थोडी वेगळी. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरताना पॅराशूट उघडल्यावर ते अंदाजापेक्षा जोरात हिसकलं. फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर कमाल मर्यादेला जाऊन साधारण सेकंदभर अडकला. त्यावरून यानानं काढलेली उंची शून्याखाली आली. आपण जमिनीवर आहोत असं समजून त्यानं इंजिनं तीनच सेकंदांत बंद केली, तेव्हा ते जमिनीपासून सुमारे ३.७ किलोमीटर वर होतं. पॅराशूटचे हिसके सिम्युलेशनमध्ये होते, पण खऱ्यापेक्षा सौम्य. आणि ‘उंची उणे येऊ शकत नाही’ ही एका ओळीची तपासणी कुणी घातली नव्हती.

आपल्याकडे याचं उलट टोक पाहायला मिळालं. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर कोसळल्यावर इस्रोनं पुढच्या मोहिमेची मांडणीच फिरवली. चांद्रयान-३ ची रचना ‘काय काय बिघडू शकतं’ इथून सुरू झाली, असं तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी उड्डाणापूर्वी जाहीरपणे सांगितलं: सेन्सर गेला तर, इंजिन गेलं तर, हिशेबच चुकला तर. उतरण्याची जागा ५०० बाय ५०० मीटरवरून सुमारे ४ बाय अडीच किलोमीटर झाली. सिम्युलेशनं वाढवली, पण त्यांवरच भिस्त ठेवली नाही. सेन्सर हेलिकॉप्टरला बांधून उडवले, लँडरचा नमुना क्रेनला टांगून इंजिनांसह तपासला, पाय चंद्रासारख्या मातीवर आपटून पाहिले. समीकरणांना खऱ्या जगाशी पुन्हा पुन्हा ताडून पाहायचं ते असं. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरला.

अशी ताडणी खुल्या साधनांत सोपी जाते. सिम्युलेटरनं वारा कसा गृहीत धरला, हे उघडून पाहता येतं. चुकीचं वाटलं तर बदलता येतं. आणि ज्यानं अपयश शोधलं त्याच्याकडून फाइल घेऊन तेच अपयश आपल्या टेबलावर पुन्हा घडवता येतं. आर्डूपायलटमध्ये कुणीही सुचवलेला बदल आधी सर्व्हरवर सिम्युलेटरमधल्या उड्डाणांच्या तपासणीतून जातो. विमानं, वैद्यकीय उपकरणं यांच्या अधिकृत प्रमाणपत्राला एवढं पुरत नाही, हे खरं. तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत, आणि असावेत.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे सगळं हाताशी आहे. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प अनेक वर्षं खुल्या वैज्ञानिक सॉफ्टवेअरचा प्रसार करतो आहे. स्वीडनच्या लिंकशोपिंग विद्यापीठातून आलेलं ‘ओपनमॉडेलिका’ त्यात आहे. पंप, मोटर, बॅटरी, उष्णता अशा गोष्टींची समीकरणं त्यात जोडता येतात. एका सॉफ्टवेअरमधलं प्रतिरूप दुसऱ्यात बसवण्यासाठी ‘एफएमआय’ हे २०१० पासूनचं खुलं प्रमाण आहे. आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातले धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळतात. आर्डूपायलटच्या सिम्युलेटरला साधा लॅपटॉप आणि लिनक्स पुरतं. पडद्यावर उडणाऱ्या ड्रोनला कुणाची परवानगी लागत नाही, आणि पंखा तुटला तर नवा आणावा लागत नाही.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला दरवर्षी ड्रोनचे प्रकल्प होतात. सादरीकरणात ड्रोन दोन मिनिटं हवेत राहिला की टाळ्या पडतात आणि वही मिटते. मार्गदर्शकांना एक विनंती आहे. ‘उडतो का?’ याच्या जोडीला ‘कोणत्या परिस्थितीत पडतो, ते शोधून दाखवा’ असंही विचारा, आणि ज्यानं तो नीट शोधून पाडला असेल त्याला जास्त गुण द्या.